खानापूरकडचा माका आणि घरी कढवलेले तेल

पितृपंधरवड्यात बेळगावच्या गणपत गल्लीत दर्भ, तुळस आणि काळ्या तिळांबरोबर माक्याच्या पेंड्याही विकायला येतात. खानापूर तालुक्यातून येणाऱ्या एक मावशी मात्र श्रावणापासून दिवाळीपर्यंत माका आणतात आणि त्याचेच घरी कढवलेले तेलही विकतात. गेली तीन वर्षे मी दोन्ही त्यांच्याकडूनच घेते आहे.

त्याआधी एका दुकानातून घेतलेल्या ‘भृंगराज’ (म्हणजे माक्याच्याच) चूर्णाच्या डब्यावर चक्क एकदांडीचे चित्र होते. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या असल्या तरी एकदांडीचे फूल लांब, उघड्या दांड्यावर एकटेच उभे असते आणि त्याचा मधला भाग पिवळा असतो. माका हे ओलाव्याचे वर्षायू रोप असून ते भाताच्या बांधावर आणि ओहोळाच्या कडेला आपोआप उगवते. त्याचे खोड तांबूस असते, पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची आणि बारीक लवेमुळे हाताला खरखरीत लागतात, तर जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर रुंदीच्या फुलोऱ्यात कडेची आणि मधली अशी दोन्ही पुष्पके (बारीक फुले) पांढरीच असतात.

मावशींनी पहिल्याच दिवशी एक खोड मोडून माझ्या तळहातावर घासले. हिरवट दिसणारी ती रेघ माझी भाजी घेऊन होईपर्यंत काळी पडली आणि दुसऱ्या दिवशीही पुरती गेली नाही. पूर्वी गोंदणासाठी हाच रस का वापरत, ते तेव्हा समजले. शेजारी उभ्या असलेल्या कन्नड बोलणाऱ्या बाई त्याच पेंडीला ‘गरग’ म्हणत होत्या.

तेलाच्या बाबतीत मावशी जुने प्रमाण सोडत नाहीत: एक भाग खोबरेलाला चार भाग रस आणि पाव भाग वाटलेला पाला. गाळाची वात करून विस्तवावर धरल्यावर ती चटचटली नाही, तरच त्या तेल उतरवतात, कारण पाण्याचा अंश राहिला की तेल खवट होते. “वासाचं तेल पाहिजे तर दुकानात बघा, ताई. ह्यात माकाच हाय,” असे त्या स्पष्ट सांगतात. या तेलाने नवे केस उगवले, असे मी म्हणणार नाही. मात्र टाळूचा कोरडेपणा निश्चित कमी झाला.

उणिवाही आहेत. बाटल्या अरुंद तोंडाच्या असल्यामुळे बेळगावच्या थंडीत आत गोठलेले तेल बाहेर येत नाही आणि बुचे सैल असल्याने पिशवी तेलकट होते. पेंडीच्या मुळांना चिखल असतो, त्यामुळे ती तीनदा धुवावी लागते. बाटली आपण रुंद तोंडाची न्यावी, आणि पेंडी सकाळी नऊच्या आत घ्यावी, कारण ऊन चढले की पाने मलूल होतात आणि रस निम्माही निघत नाही.