पोस्टर कलरची पार्श्वभूमी की लिनोचा काळोख?

एक नाद पोस्टर कलरने अ‍ॅनिमेशनसारखी पार्श्वभूमी रंगवायचा, दुसरा लिनोचा, म्हणजे लिनोलियमचा पत्रा कोरून, शाई लावून कागदावर ठसा उमटवायचा. नोकरी सांभाळून संध्याकाळी चित्रं काढणाऱ्याला हे दोन्ही नाद एकदम परवडत नाहीत. एकाच टेबलावर पोस्टर कलरच्या बाटल्या आणि ठशाची शाई सुखाने नांदत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे दोन्हीकडे डोकं चालवायची रीतच उलटी. मी दोन्ही केलंय, आता एकच करतो. दुसऱ्याची बाजू मात्र जमेल तेवढी सरळ मांडतो.

जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या पार्श्वभूमी पाहून आपण रंगावर भाळतो, पण ते काम करणाऱ्याची कसोटी मोकळ्या सोडलेल्या जागेत लागते. नाटकं बघत वाढलेल्या सांगलीकराला हे समजवायला नको. मागचा पडदाच टाळ्या घेऊ लागला तर नटाने करायचं काय? डिस्नेच्या १९४२ च्या ‘बॅम्बी’साठी चित्रकार टायरस वाँग यांनी सोंग राजवटीच्या काळातल्या चिनी निसर्गचित्रांचा धागा धरला. कडेची झाडी धूसर ठेवली, पानं मोजत बसले नाहीत, आणि हरीण जिथे उभं राहणार तिथेच नजर थांबेल अशी सोय केली. डिस्नेच्याच १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त आयव्हिंड अर्ल यांनी बरोबर उलटं केलं. साल, पान, दगड, सगळं धारदार आणि सगळं सारख्याच निगुतीने रंगवलेलं. पात्रं त्यात हरवतात, अशी तिथल्या अ‍ॅनिमेटरांची कुरबुर होती आणि ती खोटी नव्हती. तरी मला अर्लच जास्त आवडतात. पुढे ते सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून काढलेल्या छापांकडे वळले, याचंही मला नवल वाटत नाही. माझा कल इथेच उघडा पडला म्हणा.

पोस्टर कलर म्हणजे शाळेच्या दप्तरातला माल, असं वाटत असेल तर काझुओ ओगा यांचं काम पाहा. १९८८ च्या ‘माय नेबर टोटोरो’मधली ती झाडं आणि ढग पोस्टर कलरचेच आहेत. चांदोलीकडची जुलैतली हिरवाई, एका हिरव्यात सात हिरवे, तुम्हाला कागदावर आणायची असेल तर लिनो तुमच्या काही कामाचा नाही. तिथे माझं म्हणणं सोडून द्या आणि खुशाल रंग घ्या.

माझं घोडं अडलं ते वाळण्यावर. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो, वाळला की दुसराच. साधारणपणे फिके रंग किंचित गडद होतात आणि गडद रंग फिके पडतात, म्हणजे दोघे मधेच कुठेतरी भेटतात. दिवसाच्या चित्रात हे खपून जातं. रात्रीचं आभाळ रंगवायला घ्या, मग कळतं. निळा, काळा आणि चिमूटभर पांढरा मिसळून मनासारखा काळोख जमवला, अर्धं आभाळ झालं आणि वाटी रिकामी. दुसरी वाटी कालवली, शेजारी लावून पाहिली तर तंतोतंत. जेवून येऊन बघावं तर आभाळाच्या मधोमध पट्टा! तो झाकायला वरून ओला हात मारला की खालचा थर उठतो आणि पट्ट्याचा डाग होतो.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. लागेल त्याहून जास्त रंग आधीच कालवून झाकणाच्या डबीत ठेवायचा, कागदाच्या कपट्यावर पट्टी ओढायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मगच चित्राला हात लावायचा. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाला हे ठीक आहे. माझ्याकडे रात्रीचे दोन तास. कृष्णाकाठच्या ऑगस्टमध्ये पट्टी वाळता वाळत नाही, पंखा लावावा तर वाटीतला रंग साय धरतो. सगळी संध्याकाळ पट्ट्यांकडे बघण्यात जाते. कुणाचा स्वभाव शांत असेल तर त्याला याचं काही वाटणारही नाही. मला वाटलं.

लिनोवर काळा तो काळाच. रोलर फिरवला की सगळा पत्रा अंधारात, आणि सुरीने उघडाल तेवढाच उजेड. करडा हवा तर तो रेघांच्या दाटीतून काढायचा, म्हणजे तो वाळण्यावर अवलंबून राहत नाही. नंदलाल बोस यांचे १९३० मधले काठी घेऊन निघालेले गांधीजी आठवा, किंवा चित्तप्रसाद यांच्या लिनोतली राबणारी मुलं. अमेरिकेत लिंड वॉर्ड यांनी १९२९ मध्ये एकही वाक्य न लिहिता आख्खी कादंबरी लाकडी ठशांतून सांगितली. शिवाय दिवाळी अंकाच्या साध्या कागदावर असं चित्र कडक उतरतं. रंगाच्या नाजूक छटांचा तिथे बहुधा चिखल होतो.

तांब्याच्या पत्र्याचा मोह होईल. मिरजेत तर १८०५ मध्येच तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली होती, तेव्हा आपल्याकडे ही गोष्ट परकी नाही. स्पॅनिश चित्रकार गोया यांनी १७९९ च्या ऐंशी चित्रांच्या मालिकेत अ‍ॅक्वाटिंटने, म्हणजे पत्र्यावर राळेची पूड धरून आम्लाने छटा उमटवण्याच्या रीतीने, जो मऊ काळोख आणला, तो लिनोला कधीच जमणार नाही. पण आम्ल, राळेची पूड आणि दाबाचं यंत्र हे भाड्याच्या दोन खोल्यांत आणू नका. घरातलेच तुम्हाला बाहेर काढतील.

लिनोचेही त्रास आहेत. चित्र उलटं उमटतं, म्हणून अक्षरं आधी ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालावा लागतो. सुरी घसरली की गेलेली रेघ परत येत नाही. तेलाची शाई पावसाळ्यात दिवसेंदिवस चिकट राहते आणि छाप कपड्यांसारखे दोरीला लटकतात. फरक एवढाच की ते तिथे लटकलेले असताना मी पुढचा पत्रा कोरत असतो, कारण लटकताना त्यांचा रंग बदलत नाही.

ज्याला स्टुडिओत पार्श्वभूमीचं काम मिळवायचंय त्याने पोस्टर कलरच धरावा हे बरं. आता ते काम बहुतेक संगणकावर होतं, पण उजेड-अंधाराची समज तीच लागते. बाकीच्यांनी निदान एक पावसाळा लिनो करून बघावा असं मला आपलं वाटतं. एक पत्रा, व्ही आणि यू अशा दोन सुऱ्या, रोलर, काच आणि ओळखीच्या छापखान्यातून थोडी काळी ऑफसेट शाई एवढ्यावर भागतं. प्रेस नको, पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याने मागून घासलं तरी छान छाप येतो. काच आणि रोलर आधी गोडेतेलाने पुसा, मग साबणाने धुवा, रॉकेलचा वास घरात फिरणार नाही. आणि एवढं सगळं वाचूनही रंगच घेणार असाल, तर पांढऱ्याची बाटली मोठी घ्या. सगळ्यात आधी तीच संपते.