थेम्सकाठी, मेणबत्त्यांच्या उजेडात, एकटीने: सॅम वानामेकर प्लेहाऊस

आधीच सांगते, हा रिव्ह्यू नाटकाचा कमी आणि नाट्यगृहाचा जास्त आहे. लंडनमध्ये नाटक बघायचं म्हटलं की सगळे वेस्ट एंडचीच नावं सांगतात, आणि ती चांगली आहेतच, पण हाडं गोठवणारी थंडी असेल, सोबत कुणी नसेल आणि एकच नाटक बघायचं असेल तर नदीच्या दक्षिणेला जा. बँकसाइडला शेक्सपिअर्स ग्लोब (शेक्सपिअरच्या काळातल्या ग्लोब थिएटरची नव्याने बांधलेली प्रतिकृती) आहे ना, त्याच आवारात एक छोटं बंदिस्त थिएटर आहे, सॅम वानामेकर प्लेहाऊस. तिथे नाटक मेणबत्त्यांच्या उजेडात होतं. खऱ्या मेणबत्त्या, मधमाश्यांच्या मेणाच्या.

मी गेले २०२५ च्या फेब्रुवारीत. ज्यांनी तो महिना इथे काढलाय त्यांना आठवत असेल, दिवसेंदिवस ऊन नाही, पूर्वेकडून बोचरा वारा, ऑफिसला निघताना आभाळ जसं करडं तसंच लंच टाइमला. घरी बसून बसून जीव विटला होता. कुणाला विचारलं असतं तर "या थंडीत? मार्चमध्ये बघू" हेच ऐकावं लागलं असतं, म्हणून कुणाला विचारलंच नाही, एक तिकीट काढलं आणि निघाले. इलिंगहून सेंट्रल लाईनने सेंट पॉल्स, आणि तिथून मिलेनियम ब्रिजवरून चालत. त्या पुलावर आडोसा म्हणून कसलाच नाही, वारा थेट नदीवरून येतो, डोळ्यातनं पाणी येत होतं आणि ते गालावरच गार पडत होतं. पण समोर टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाची उंच चिमणी, डावीकडे ग्लोबचं गवताने शाकारलेलं छप्पर आणि खाली काळं पाणी, म्हणजे थांबून बघावंच लागतं, कितीही कुडकुडत असलात तरी.

एकटीने जाण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते. त्या संध्याकाळी नाटकाआधी काहीतरी गरम खावं म्हणून जवळच्या एका हॉटेलात शिरले (नाव सांगत नाही), तर "जस्ट वन?" विचारून मला दाराला लागून असलेलं टेबल दिलं. दर दोन मिनिटांनी दार उघडायचं आणि बर्फासारखा झोत मानेवर. आत भिंतीकडची टेबलं रिकामी होती, मी विचारलं तर म्हणे ती दोघांसाठी आहेत. सूप अर्धं टाकून उठले. राग आला, वाईटही वाटलं. थिएटरमध्ये मात्र याच्या उलट. एकट्या माणसाला तिथे सगळ्यात चांगली जागा मिळते, कारण चांगल्या रांगेत जोड्यांच्या मधे एखादी सुटी सीट उरलेलीच असते. मला तशीच मिळाली, पिटमध्ये (म्हणजे रंगमंचासमोरचे खालचे बाक), रंगमंचापासून तिसऱ्या बाकावर, मधोमध. दोन दिवस आधी काढलेलं तिकीट होतं हे, महिनाभर आधीचं नाही.

आता वास्तूबद्दल, कारण ते कळल्याशिवाय मजा नाही. ग्लोब उघड्यावरचं, म्हणून तिथे खेळ उन्हाळ्यात. शेक्सपिअरच्या मंडळींनाही हाच प्रश्न होता, लंडनच्या हिवाळ्यात उघड्यावर बसणार कोण? म्हणून त्यांना नदीपलीकडे ब्लॅकफ्रायर्सला बंदिस्त थिएटर हवं होतं. त्यांच्या तेव्हाच्या थिएटरचा मालक जेम्स बर्बेज याने १५९६ मध्ये जागा घेतली पण शेजारपाजारच्या बड्या लोकांनी अर्ज करून ते अडवलं, आणि कंपनीला तिथे जायला १६०८-०९ उजाडलं. मग हिवाळ्यात तिकडे, उन्हाळ्यात ग्लोबला असं सुरू झालं. ते थिएटर आज नाही, पण ब्लॅकफ्रायर्स स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांमध्ये एका बोळाचं नाव अजून प्लेहाऊस यार्ड आहे, वेळ असेल तर बघून या.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की बंदिस्त थिएटर म्हणजे मेणबत्त्या, मेणबत्त्या म्हणजे वाती काजळणार, म्हणून अंक संपला की थांबायचं, वाती कापायच्या, तेवढा वेळ वाद्यं वाजायची. आपण अंक अंक म्हणतो आणि अंकाच्या शेवटी पडदा हे आपल्याला किती साहजिक वाटतं, पण तिथे त्या थांबण्यामागे चक्क वात होती. हे वाचल्यापासून मला तिथे जायचंच होतं.

सॅम वानामेकर हा अमेरिकन नट. १९४९ मध्ये लंडनला आला तर ग्लोबच्या नावाने एका ब्रुअरीच्या भिंतीवरची पाटी सोडून काही सापडलं नाही. १९७० मध्ये त्याने ग्लोब परत बांधायला ट्रस्ट काढला आणि पुढची वीसेक वर्षं त्यासाठी पैसे जमवत राहिला, आणि १९९३ मध्ये गेला, ग्लोब उघडलं १९९७ मध्ये. म्हणजे त्याने ते पुरं झालेलं बघितलंच नाही. आतल्या थिएटरचा नुसता विटांचा सांगाडा तेव्हाच उभा करून ठेवला होता, तो पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला आणि जानेवारी २०१४ मध्ये थिएटर सुरू झालं तेव्हा त्याला सॅमचं नाव दिलं. आराखडा ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये सापडलेल्या सतराव्या शतकातल्या चित्रांवर बेतलेला. मला हे वाचून आपल्याकडच्या त्या लोकांची आठवण येते जे गावात एक रंगमंच व्हावा म्हणून आयुष्यभर पावतीपुस्तक घेऊन फिरतात.

आत शिरलात की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हे किती लहान आहे! साधारण ३४० माणसं. सगळं ओक लाकूड, घोड्याच्या नालेच्या आकारात दोन मजली गॅलऱ्या, मधे पिट, आणि वर रंगवलेलं छत. रंगमंचावरचा नट हात लांब करेल तर पहिल्या बाकावरच्या माणसाला लागेल इतकं जवळ. बाकांना पाठ नाही हे आधीच माहीत असू द्या, आणि अंतर कमी आहे, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात. कंबरेचा त्रास असेल तर तिकीट काढताना गॅलरीतली भिंतीकडची मागची रांग विचारा, टेकायला मिळतं. वरच्या गॅलरीत उभं राहायची तिकिटं असतात ती खूपच स्वस्त, पण तिथून खांब आडवे येतात आणि झुंबरंही, आणि उष्णता सगळी वर जाते. हो, उष्णता. बाहेर वाऱ्याने कान तुटत होते आणि आत दहा मिनिटांत मी मफलर, मग कोट, मग स्वेटर काढून मांडीवर घेऊन बसले होते. थर्मल घालून गेलात तर पस्तावाल, वरून काढता येतील असे थर घाला.

सहा झुंबरं आहेत, दोरीवर वरखाली होणारी. मेणबत्त्या एका खेळाला शंभरेक तरी लागतात म्हणे. सुरुवातीला झुंबर खाली घेतलं, लांब काडीने एकेक वात पेटवली, कुणी काही सांगितलं नाही तरी सगळं थिएटर आपोआप गप्प झालं. माझ्या समोरच्या मेणबत्तीची वात आधी धरेना, पेटवणाऱ्या बाईने दोनदा काडी लावली, तिसऱ्यांदा धरली, ज्योत बारीक निळी झाली, मग पिवळी, मग स्थिर, आणि मग झुंबर हळूहळू वर गेलं आणि त्याबरोबर सगळ्यांच्या माना. मधासारखा वास सुटला. आणि त्या उजेडात नुसता रंगमंच दिसत नाही, समोरच्या गॅलरीतली माणसंही दिसतात. एक आजोबा हनुवटी कठड्यावर टेकून बसले होते, त्यांच्या शेजारी कॉलेजातली पोरगी, तीही एकटीच. एरवी थिएटरमध्ये अंधार होतो आणि आपण एकटे आलोय ते जास्तच टोचतं. इथे अंधारच होत नाही, सगळे एकाच दिव्याखाली बसलेत असं वाटतं, त्यामुळे शेजारी कोण आहे याने काही फरकच पडत नाही.

नाटक होतं चेखवचं 'थ्री सिस्टर्स', रोरी मलार्कीचं भाषांतर. मॉस्को आर्ट थिएटरने १९०१ मध्ये पहिल्यांदा केलेलं. शेक्सपिअरच्या घरात चेखव कशाला असं मलाही वाटलं होतं, पण या नाटकात मेणबत्ती लिहिलेलीच आहे की! दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच नताशा, म्हणजे त्या बहिणींची वहिनी, हातात मेणबत्ती घेऊन घरभर कुठे दिवा चालू राहिला नाही ना बघत फिरते, आणि तिसऱ्या अंकात गावात आग लागलेली असताना परत ती मेणबत्ती घेऊन जाते. हे घर हळूहळू तिच्या ताब्यात जातंय हे विजेच्या दिव्यात कसं कळणार? इथे जिच्या हातात दिवा तिचं घर हे डोळ्यांना दिसतं.

आणि त्या तीन बहिणी, ओल्गा, माशा, इरिना, त्यांचं ते लहानपणीच्या मॉस्कोला परत जायचं. पहिल्या अंकात शरद ऋतूपर्यंत जाऊ, मग जूनमध्ये जाऊ, मग नुसतंच जाऊ. मी इथे नऊ वर्षं आहे. आल्यावर दोन वर्षांत परत जायचं होतं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात हे वाक्य आहे, मुलाची दहावी झाली की, घराचे हप्ते संपले की, पासपोर्ट हातात आला की. इरिना दुसऱ्या अंकाच्या शेवटी एकटीच उरते आणि मॉस्को मॉस्को म्हणते तिथे मला रडू आवरेना, आणि एकटी आले होते म्हणून रडूनही घेतलं, कुणाला "काय झालं" हे समजावत बसावं लागलं नाही.

मध्यंतरात शेजारच्या बाई बोलायला लागल्या, सत्तरीच्या असतील, दर हिवाळ्यात एकदा तरी एकट्या येतात म्हणाल्या. मी त्यांना आमच्या कुडाळकडच्या दशावताराचं सांगितलं. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, देवळासमोर रात्रभर दहिकाला (दशावताराच्या खेळालाच आमच्याकडे असं म्हणतात), थंडी अशी की गोधडीवर दव, पोरं आईच्या मांडीवर झोपलेली आणि संकासूर राक्षस आला की दचकून उठलेली. एकच बाकडं, तेच सिंहासन, तेच सगळं. माझ्या बाबांनी त्यांच्या लहानपणी ते गॅसबत्तीच्या उजेडात बघितलंय, ते सांगतात की बत्ती मंदावली की मधेच कुणीतरी उठून पंप मारायचा आणि राजा तेवढा वेळ थांबायचा. बाईंनी ते ऐकून माझा हातच धरला. मग घंटा झाली.

कामाच्या गोष्टी. मुख्य सीझन हिवाळ्यातला, साधारण शरद ऋतूपासून एप्रिलपर्यंत, त्यामुळे थंडीला घाबरून "मार्चनंतर बघू" म्हणाल तर हुकेल. सुट्या सीटसाठी वेबसाईट आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी परत बघा. मेणबत्त्यांच्या धुराचा त्रास होणाऱ्यांनी जरा विचार करून. परत येताना नदीकाठचा रस्ता दहानंतर बराच सामसूम होतो, पण नाटक सुटल्यावर सगळी गर्दी एकदमच पुलाकडे निघते, त्यांच्याबरोबर चाला, मागे रेंगाळू नका. शुक्रवार-शनिवारी सेंट्रल लाईन रात्रभर असते, म्हणून मी शक्यतो शुक्रवारच बघते.

पुलावर परत तोच वारा. स्टेशनात शिरल्यावर फोन काढला, अकरा वाजायला आले होते, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. बाबांचा मेसेज आलेला, आत्ताच दहिकाला बघून आलो, थंडी जाम आहे, तू जेवलीस का. घरी येऊन मफलर खुर्चीवर टाकला तर त्याला मेणाचा वास येत होता, आठवडाभर धुतला नाही मी तो.