मेटलबोन की वायपर? दोन महिने अदलाबदली करून खेळल्यावर काय वाटलं ते

पॅडेल, म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टवर बिनतारांच्या, भोकं असलेल्या रॅकेटने खेळायचा टेनिससारखा खेळ, त्यासाठी मी आदिदासची मेटलबोन रॅकेट वापरते आणि माझा धाकटा दीर बाबोलाटची टेक्निकल वायपर. दोन्ही मागच्या सीझनच्या, दोन्ही स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या. दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की दोन महिने अदलाबदली करून खेळायचं, एका बुधवारी ही हातात तर पुढच्या बुधवारी ती, रविवारी सकाळी पण तसंच, कोर्ट तेच बाणेरचं आणि समोर बहुतेक वेळा तीच चार-पाच माणसं. अटॅकसाठी रॅकेट घ्यायची म्हटलं की हीच दोन नावं कुणीतरी विचारतंच, म्हणून जे जाणवलं ते सगळं इथे लिहून ठेवते.

ही जोडी तुलनेला मला फार आवडते त्याला एक कारण आहे. वायपर म्हणजे हुआन लेब्रोनची रॅकेट आणि मेटलबोन म्हणजे आले गालानची, आणि हे दोघं स्पॅनिश पॅडेलपटू २०२० पासून एकत्र खेळायचे, २०२०, २१, २२ अशी सलग तीन वर्षं जगातली एक नंबरची जोडी होती, २०२४ मध्ये वेगळे झाले. गालान डाव्या बाजूला, लेब्रोन उजव्या. उजवी बाजू म्हणजे सांभाळून खेळणाऱ्याची असं सगळे मानतात आणि हा माणूस तिथून स्मॅश मारून बॉल कोर्टच्या बाहेर काढायचा! म्हणजे एकाच जोडीतले दोन अटॅकर, तरी दोघांच्या हातातली हत्यारं वेगळी, आणि फरक नक्की कुठे आहे ते मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

पहिलं काम स्वयंपाकघरात. कणीक मोजायच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या, ओव्हरग्रिपसकट (मुठीवर गुंडाळायची पट्टी) वायपर ३७६ ग्रॅम, माझी मेटलबोन तिच्या फ्रेमवरची सगळी सुटी वजनं काढून ३६२. आता १४ ग्रॅम म्हणजे काही फार नाही असं वाटतं ना, पण मग ओट्यावर लाटणं ठेवलं आणि त्यावर रॅकेट आडवी ठेवून हळूहळू सरकवत गेले, जिथे ती दोन्ही बाजूंना न कलंडता थांबली तिथे पेन्सिलने खूण केली. वायपरची खूण माझ्या रॅकेटपेक्षा जवळजवळ बोटभर वर आली, डोक्याच्या बाजूला. खरा फरक हा, एकूण वजनात नाही तर वजन बसलंय कुठे त्यात. वायपर पक्की डायमंड आकाराची, वरच्या बाजूला रुंद, त्यामुळे वजनही वर आणि स्वीट स्पॉटही, म्हणजे बॉल सगळ्यात छान लागतो ती जागाही, वर. मेटलबोन डायमंड आणि टिअरड्रॉपच्या (थेंबाच्या आकाराच्या) मधली म्हणा, थोडी खाली उतरलेली. हा प्रयोग घरी नक्की करून बघा, पाच मिनिटं लागतात आणि रॅकेटबद्दल जेवढं कळतं तेवढं जाहिरातीतून कळत नाही.

आता स्मॅश. इथे वायपर जिंकते, सरळ सांगते. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला बॉल, छोटा पडला, तुम्ही वेळेवर मागे सरकून बॉलच्या खाली आलात आणि हात पूर्ण वर असताना बॉल लागला, की जो काही आवाज येतो ना, ठाक् असा कोरडा, आणि बॉल मागच्या काचेला लागून इतका परत येतो की समोरच्याला हात लावायला मिळत नाही. पोर ट्रेस म्हणजे टप्पा पडून बॉल बाजूच्या तीन मीटरच्या जाळीवरून बाहेर काढायचा तो शॉट, तो मला माझ्या रॅकेटने अगदी मनासारखा लागला तरच जमतो, वायपरने एका रविवारी तीन वेळा जमला. तिसऱ्यांदा दीर पलीकडून ओरडला, "वहिनी, आता ती परत मिळणार नाही वाटतं!" आणि खरंच त्या दिवशी द्यावीशी वाटली नाही मला.

पण पॅडेल म्हणजे नुसता स्मॅश नाही. २० बाय १० मीटरचं कोर्ट, मागे काच, आणि निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही त्या काचेपाशी असता. बॉल काचेला लागून गुडघ्याच्या खाली येतोय, तुम्ही अर्धवट वळलेल्या, आणि तिथून लॉब उचलायचाय. अशा वेळी बॉल स्वीट स्पॉटवर घ्यायला वेळच नसतो, तो लागतो कुठेतरी खालच्या भोकांच्या ओळीपाशी. वायपरवर तिथे लागला की बॉल मरतो, लॉब नेटच्या जरा पुढे लोंबकळतो आणि समोरच्यांना फुकटचा स्मॅश. मेटलबोनवर तोच चुकीचा लागलेला बॉलसुद्धा बऱ्यापैकी खोल जातो. चिकिता, म्हणजे नेटवर उभ्या असलेल्यांच्या पायाशी हळूच टाकायचा बॉल, तोसुद्धा मेटलबोनने मला जास्त ठेवता येतो, कारण बॉल रॅकेटवर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. वायपरवरून तो लगेच निघून जातो. दीर म्हणतो त्याला तेच आवडतं, तो नेटवर व्हॉली (टप्पा पडू न देता मारायचा शॉट) खूप जोरात मारतो आणि तिथे ही लगेच सुटणारी फीलिंग कामाची आहेच. बांदेहाला, म्हणजे डोक्यावरून सांभाळून मारायच्या शॉटला, दोन्ही ठीक. विबोराला, म्हणजे तसाच पण साईड स्पिन देऊन जोरात मारायच्या शॉटला, मला वायपर थोडी जास्त आवडली, तिचा फेस (बॉल लागतो तो पृष्ठभाग) खरखरीत आहे आणि साईड स्पिन मस्त पकडते.

कोपराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यात निम्मे लोक बॅडमिंटन खेळून पॅडेलकडे आलेत, मी पण शाळेपासून बॅडमिंटनवालीच. बॅडमिंटनची रॅकेट असते ८०-९० ग्रॅमची, ही साधारण चौपट. आणि आपल्या मनगटाला सवय काय, तर शेवटच्या क्षणी झटका द्यायची. तोच झटका चौपट वजनाला, तेही डोक्याकडे वजन असलेल्या रॅकेटला दिला की सगळा ताण कोपराच्या बाहेरच्या बाजूला येतो. गेल्या वर्षी कुणाचीतरी एक कडक रॅकेट मागून आणून मी महिनाभर अशीच खेळले होते आणि नंतर सहा आठवडे चहाचं पातेलं उचलताना कळ यायची. फिजिओने सांगितलं की झटका बंद करा, खांदा आणि कंबर वळवून मारा. आता तसंच मारते आणि दोन्ही रॅकेटने त्रास झाला नाही, पण वायपरने तिसऱ्या सेटमध्ये खांदा थकला की मनगट आपोआप मध्ये यायला लागतं हे मला स्वतःला जाणवलं, आणि तिथे मी थांबले.

मेटलबोनची खरी गंमत म्हणजे तिची सुटी वजनं, फ्रेमवर स्क्रूने बसवता-काढता येतात. मी पहिले चार महिने एकही लावलं नव्हतं. हात तयार झाल्यावर छोटी लावली आणि रॅकेट वेगळीच वाटायला लागली, भरीव, व्हॉलीला जोरात बॉल आला तरी हातात फिरत नाही. ज्या आठवड्यात खांदा जड असतो तेव्हा परत काढते. हे वायपरमध्ये नाही, ती जशी आहे तशी तुम्ही तिच्या लायक व्हायचं.

थंडीचं पण सांगायला पाहिजे. रॅकेटच्या आत ईव्हीए फोम असतो, तो थंडीत कडक होतो आणि उन्हात मऊ. डिसेंबरमध्ये सकाळी सहाला, बारा-तेरा डिग्रीत, वायपर पहिली वीस मिनिटं फळी वाटते, बॉलही कमी उसळतात, सगळंच जड. मेटलबोन पण कडक होते पण सहन होण्याइतकी. संध्याकाळी मात्र दोन्हींत हा फरक खूप कमी होतो. आणि कुणीही रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका प्लीज, दुपारच्या उन्हात फोमची वाट लागते.

दुकानदार १२के, १८के कार्बन असं काय काय सांगून भुलवतात. के म्हणजे फक्त एका धाग्यात किती हजार कार्बनचे तंतू आहेत तो आकडा, १२के म्हणजे बारा हजार. आकडा मोठा म्हणजे रॅकेट भारी किंवा कडक असं काही नाही, किती थर आहेत, राळ कुठली, आत फोम कसला यावर सगळं ठरतं. मी रॅकेट घ्यायला गेले तेव्हा एका दुकानात मला अटॅकवाल्या हातात घेऊनसुद्धा बघू देईनात, "मॅडम लेडीजसाठी ही गोल हलकी घ्या" एवढंच चाललं होतं. गोल रॅकेट वाईट नाही, शिकणाऱ्यांसाठी तीच बरी, पण कशी खेळता हे न विचारता माणूस बघूनच रॅकेट ठरवली याचा मला फार राग आला आणि मी तिथून घेतली नाही. मैत्रिणींनो, दोन-चार गेम खेळायला देतील तिथूनच घ्या, नव्या सीझनची टॉप रॅकेट वीस हजारांच्या पुढेच जाते, एवढे पैसे न खेळता टाकू नका.

माझ्याकडे मेटलबोनच राहिली. आठवड्यातून तीन-चार वेळा खेळत असाल, कोच असेल, स्मॅश पूर्ण हात वर नेऊन मारता येत असेल आणि खांदा मजबूत असेल तर वायपर घ्या, त्या आवाजाचं व्यसन लागतं. आठवड्यातून दोनदा ऑफिसनंतर खेळणाऱ्याने, अटॅक कितीही आवडत असला तरी, मेटलबोन घ्यावी आणि वजनं डब्यातच ठेवून सुरुवात करावी. वर्षभराच्या आत खेळायला लागलेल्यांनी दोन्ही घेऊ नयेत.

आणि हो, घेतल्यावर दुकानात लगेच फ्रेमला वरून प्रोटेक्टर टेप लावून देतात तेव्हा जरा थांबवा त्यांना. काचेवर घासून रंग जाऊ नये म्हणून ती बरी, पण जाड असेल तर काही ग्रॅम नेमके सगळ्यात वरच्या टोकाला वाढतात. वायपरला दिराने जाड टेप लावली होती, आम्ही ती काढून पातळ लावली आणि लाटण्यावरची खूण खाली आली.