रिमफायर टार्गेट रायफल: पैसे लॉटवर घालावेत, बेडिंगवर, ट्यूनरवर की नव्या बॅरलवर?

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. रायफल रेस्टवर (टेकूवर) ठेवून मारलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, आत बसतो आणि पोझिशनमध्ये (स्वतःच्या हातात धरून मारताना) फुटतो, असं असेल तर रायफलला हात लावू नका. रेस्टवरही फुटत असेल, तरच पुढचं वाचा.

पहिला खर्च लॉट-टेस्टिंगवर, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा (लॉट) मारून पाहण्यावर, याबद्दल फारसा वाद नाही. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे पेटवणारा मसाला त्याच्या कडेत असतो; ते घरी भरून सुधारता येत नाही. कारखान्यातून आलेल्यातून निवडणं एवढंच हाती असतं. गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास धरला, तर वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडल्याने ५० मीटरवर गोळी साधारण ८ मिलिमीटर खाली-वर लागते. म्हणून ग्रुप उभा ताणला गेला की पहिला संशय काडतुसांवर घ्यावा. त्याच ब्रँडचे तीन-चार लॉट घ्या, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारा, तेही आलटून पालटून, म्हणजे वारा एकाच लॉटच्या वाट्याला येणार नाही. ब्रँड बदलला तर गोळीवरचं वंगण बदलतं, म्हणून पहिल्या १५-२० गोळ्या मोजू नका. पाच गोळ्यांचा एखादा सुरेख ग्रुप पाहून पेटी उचलणं हा सर्रास होणारा घोटाळा. आणि दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चाललेला लॉट तुमच्याकडे चालेलच असं नाही.

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन (बोल्ट असलेला धातूचा मधला भाग) स्टॉकमध्ये (दस्त्यात) कशी बसली आहे ते. ते बिघडल्याची लक्षणं वेगळी: एकाच टार्गेटवर दोन झुबके, किंवा अ‍ॅक्शनचे स्क्रू काढून परत बसवल्यावर झिरो (नेम जुळवलेली जागा) सरकणं. तपासणी जवळपास फुकटात होते. चेंबर रिकामं करा, बोल्ट काढा, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) बॅरलला लावून टोक स्टॉकवर टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलला, तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ताणून बसलेली आहे. इपॉक्सी बेडिंग (मधली फट इपॉक्सीने भरून नेमकी बैठक बनवणं) करून घ्या. स्वतः करणार असाल तर रिलीज एजंट (इपॉक्सी धातूला चिकटू न देणारा लेप) कुठेही लावायचा राहता कामा नये, नाहीतर अ‍ॅक्शन कायमची चिकटते. काटा हलला नाही, तर इपॉक्सीचा नाद सोडा. निर्मात्याच्या मर्यादेत अर्ध्या-अर्ध्या न्यूटन-मीटरने स्क्रूंचा टॉर्क (आवळण्याचा जोर) बदलून ग्रुप पाहा.

ट्यूनर, म्हणजे बॅरलच्या तोंडाशी लावायचं मागे-पुढे सरकणारं वजन, मोहात पाडतो, पण त्याचा नंबर तिसरा. तो बॅरलच्या कंपनाशी गोळी बाहेर पडण्याची वेळ जुळवतो, त्यामुळे मुख्यतः उभा पसारा आवळला जातो. लॉट ठरण्याआधी लावलात तर लॉट बदलल्यावर पुन्हा सगळं जुळवत बसाल.

नवी बॅरल सगळ्यात शेवटी. शिशाची गोळी आणि कमी दाब, त्यामुळे .२२ ची बॅरल सावकाश झिजते. ‘गेली’ म्हणून काढायला निघालेली बॅरल पुष्कळदा नुसती घाण असते. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढ्यात कार्बनचं कडक कडं जमतं. बोअर गाइड (रॉड बॅरलच्या मधोमध ठेवणारी नळी) लावून, एकसंध रॉडने, मागच्या बाजूनेच साफ करा. तोंडाकडून रॉड घातला की क्राउनला (बॅरलच्या तोंडाच्या कडेला) इजा व्हायची शक्यता. क्राउनच्या कडेवरून कानातली कापसाची काडी फिरवा: तंतू अडकले तर तिथे बर (धातूची खरखरीत कोर) आहे, आणि क्राउन लेथवर नव्याने काढणं हे बॅरल बदलण्यापेक्षा फार छोटं काम. साफसफाईनंतरच्या पहिल्या १०-२० गोळ्या भटकतात. त्यावरून निकाल देऊ नका.

एवढं करूनही बॅरल बदललीच, तर लॉट-टेस्टिंग पहिल्यापासून करावं लागेल. जुन्या लॉटची उरलेली पेटी नव्या चेंबरमध्ये चालेल हे गृहीत धरू नका.