मक्याची रेक: तीन हंगामांचा हिशेब

मोंढ्यात आमची अडत आहे आणि खरिपाचा मका हा धंद्याचा मोठा भाग आहे. सिल्लोड, कन्नड, भोकरदन या पट्ट्यातला मका दसऱ्यानंतर येऊ लागतो आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक तामिळनाडूत, नामक्कल-इरोड भागातल्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यांत बसलेले असते. वर्षानुवर्षे आम्ही हा माल ट्रकनेच पाठवीत आलो. गेल्या तीन हंगामांत मात्र मोंढ्यातल्या सहा व्यापाऱ्यांनी मिळून पाच वेळा रेल्वेची पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरली. रेल्वेने माल पाठवावा की नाही, असे अनेक जण विचारतात आणि दर वेळी तोंडी उत्तर अपुरे पडते, म्हणून हा अनुभव लिहून काढत आहे.

आधी आकार लक्षात घ्यावा, कारण या सेवेचे सगळे गुणदोष त्याच्याच पोटी जन्मतात. आम्हाला मिळालेल्या रेकमध्ये बंदिस्त अशा ४२ वाघिणी, म्हणजे मालडबे, होत्या. एका वाघिणीत साधारण ६० टन, म्हणजे पन्नास किलोची बाराशे पोती बसतात. संपूर्ण रेकचा माल अडीच हजार टनांच्या घरात जातो आणि तोच रस्त्याने न्यायचा तर पंचवीस टनांचे शंभर ट्रक लागतात. हंगामात एकाच वेळी शंभर ट्रक मिळवणे काय असते, हे ज्याने दिवाळीच्या तोंडावर ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात तासन् तास चहा पीत घालवले आहेत त्यालाच कळेल.

भाड्याच्या बाबतीत रेल्वे निर्विवादपणे स्वस्त आहे. तिचे दर असे बांधलेले असतात की अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. त्यामुळे तेराशे किलोमीटरच्या पल्ल्यावर आम्हाला निव्वळ रेल्वेभाडे ट्रकभाड्याच्या निम्म्याच्या थोडे वर पडले. पहिल्या रेकचा हा आकडा पाहून आमच्यापैकी दोघांनी पेढे वाटले होते. पूर्ण हिशेब लागला तेव्हा बचत पाचव्या हिश्शावर आली होती. पेढ्यांचा खर्च आम्ही त्यात धरला नाही.

मधली रक्कम कुठे गेली, याचे उत्तर पोत्याच्या प्रवासात आहे. ट्रकने माल जातो तेव्हा पोते दोनदा उचलले जाते: गोदामातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून कारखान्यात. रेल्वेने जाताना तेच पोते सहा वेळा हमालाच्या पाठीवर चढते. गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून स्टेशनातल्या मालधक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, आणि तिकडे पोहोचल्यावर पुन्हा हेच तीन टप्पे उलट क्रमाने. प्रत्येक टप्प्याला हमाली आहे आणि प्रत्येक टप्प्याला आकडा लागून काही पोती फाटतात. आमच्या धक्क्यावर भरणी संपली की जवळच्या वस्तीतल्या चार-पाच बायका खराटा आणि सूप घेऊन येतात, सांडलेला मका झाडून, पाखडून घेऊन जातात. कोणी त्यांना अडवत नाही. पहिल्या वेळी त्यांनी भरलेली गोणपाटे पाहूनच मला बारदान्याचा दर्जा सुधारण्याची बुद्धी झाली.

धक्का आपल्या गोदामापासून किती लांब आहे, यावर सगळे अवलंबून असते. आमचे गोदाम नऊ किलोमीटरवर आहे, म्हणून आमचे जमले. भागीदारांपैकी एकाचे गोदाम पन्नास किलोमीटरवर असल्याने त्याला ट्रकने धक्क्यापर्यंत येण्यातच बचतीचा मोठा वाटा घालवावा लागला आणि तिसऱ्या रेकपासून तो बाहेर पडला. त्याचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही.

दुसऱ्या हंगामातला प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. धक्क्याचे नाव येथे मुद्दाम घेत नाही. रेक संध्याकाळी लागेल असा निरोप होता. ती लागली रात्री दोन वाजता. मुकादमाने साठ हमालांची टोळी ठरवली होती, पण वाट पाहून निम्मे लोक घरी निघून गेले होते, कारण दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. भरणीसाठी ठरावीक तास मोफत मिळतात आणि त्यानंतर डॅमरेज, म्हणजे वाघिणी अडवून ठेवल्याचा आकार, सुरू होते. त्याचा मूळ दर वाघिणीमागे तासाला १५० रुपये आहे, म्हणजे ४२ वाघिणींच्या रेकला प्रत्येक तासाला ६,३०० रुपये, आणि अपुरा तासही पूर्ण धरला जातो. पहाटे चारच्या सुमारास परतीचा पाऊस आला. धक्क्याच्या निम्म्या भागावरच छप्पर होते आणि आमची सुमारे तीन हजार पोती उघड्यावर थप्पी लावून ठेवलेली होती. ताडपत्र्या होत्या, पण पाणी वरून येत नव्हते, खालून येत होते. फरशीला उतार चुकीच्या बाजूने दिलेला असल्याने थप्पीचा तळाचा थर भिजला. भिजलेला मका वाघिणीत घातला असता तर पोहोचेपर्यंत बुरशी धरली असती, म्हणून तो थर वेगळा काढून स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने विकला. त्या रेकमध्ये आम्ही बचत तर केली नाहीच, वर ट्रकपेक्षा क्विंटलमागे थोडे जास्तच पडले. चूक काही अंशी आमचीही होती: थप्पीखाली लाकडी फळ्या घालायला हव्या होत्या. तेव्हापासून घालतो.

वाघिणींच्या स्वच्छतेबद्दलही सांगितले पाहिजे. मराठवाड्यात येणारे रासायनिक खत मोठ्या प्रमाणावर रेल्वेनेच येते. जून-जुलैत 'डीएपीची रेक लागली का?' हा प्रश्न कृषी सेवा केंद्रापासून पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. खत उतरवून रिकाम्या झालेल्या वाघिणी पुढे धान्याला मिळतात. आर्थिकदृष्ट्या ही उत्तम गोष्ट आहे, कारण आणलेले डबे रिकामे परत न जाता भरून जातात. पण आम्हाला मिळालेल्या काही वाघिणींच्या कोपऱ्यांत युरियाचे दाणे होते, आणि युरिया हवेतला ओलावा धरतो. कोंबडीखाद्याचा खरेदीदार नमुना घेताना हे बघतो. दोन माणसे फक्त झाडण्यासाठी आणि पत्र्याला कुठे उजेड दिसतो का ते आत दार लावून पाहण्यासाठी ठेवावीत, ही मजुरी वाया जात नाही. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते.

मोंढ्यावर याचा परिणाम काय झाला, हे मला भाड्याच्या बचतीहून महत्त्वाचे वाटते. रेक भरायची असते तेव्हा आठ-दहा दिवसांत २५ हजार क्विंटल माल गोळा करावा लागतो, आणि त्या दिवसांत लिलावात आमच्यासारखे खरेदीदार मागे हटत नाहीत. बोली चढते, हे शेतकऱ्यांच्याही लक्षात आले आहे. आता काही जण मका घरात ठेवून फोनवर 'रेक कधी आहे?' असे विचारतात. ट्रकवाल्यांचे नुकसान होईल अशी भीती सुरुवातीला होती. प्रत्यक्षात गावातल्या जुन्या दहा टनी गाड्यांना, ज्या तामिळनाडूपर्यंत कधीच गेल्या नसत्या, गोदाम ते धक्का अशा दिवसाला चार-चार खेपा मिळाल्या आणि चालक रात्री घरी जेवायला गेले. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मात्र काम गेले, हेही खरे.

तरीही ही सेवा लहान माणसासाठी नाही. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आहे. त्या भावाने धरले तर एका रेकमध्ये सहा कोटी रुपयांचा माल असतो आणि तो पोहोचून पैसे येईपर्यंत ती रक्कम अडकून राहते. आम्ही सहा जण एकत्र आलो ते यासाठीच. आरआर, म्हणजे मालाची रेल्वे पावती, एकाच्या नावाने निघते, त्यामुळे तिकडे पोती कमी भरली तर कोणाची कमी भरली यावरून भांडण ठरलेले. पहिल्या वेळी ते झालेही. मग प्रत्येकाने पोत्याचे तोंड शिवायला वेगळ्या रंगाची सुतळी वापरायची ठरवली: माझी हिरवी, शेजारच्या अडतीची लाल, आणि असेच पुढे. तेव्हापासून वाद मिटला. किसान रेल हा वेगळा प्रयोग लहान माणसाच्या याच अडचणीवर उतारा होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली गाडी सुटली, नंतर वैजापूरला लागून असलेल्या नगरसोलहूनही कांद्याच्या गाड्या गेल्या. तीत थोडा माल असलेल्या शेतकऱ्यालाही जागा मिळे आणि फळे-भाजीपाल्याच्या भाड्यावर ५० टक्के अनुदान होते. धान्याला अशी सुटी जागा मिळाली, तर शंभर-दोनशे क्विंटलच्या शेतकरी गटांनाही लांबचा बाजार दिसेल.

पर्यावरणाचा मुद्दा आमच्या धंद्यात कोणी काढत नाही. मीही काढला नसता, पण डिझेलचा हिशेब करताना तो आपोआप समोर आला. भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असे धरले, तर तेराशे किलोमीटरला सुमारे ३७० लिटर आणि शंभर ट्रकना ३७ हजार लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळले की जवळपास २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका रेकएवढा मका रस्त्याने पाठवण्यात शंभर टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि परतीच्या रिकाम्या खेपा यात धरलेल्या नाहीत. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना रबरी टायरच्या मानाने घर्षण फारच कमी असते, आणि एकामागे एक जोडलेल्या ४२ वाघिणींना वाऱ्याचा विरोधही वेगवेगळ्या शंभर ट्रकांइतका होत नाही. म्हणून तेच ओझे रेल्वे कितीतरी कमी ऊर्जेत ओढते. विजेचे इंजिन म्हणजे धूरच नाही, असे मात्र समजू नये. परळीच्या औष्णिक केंद्राची धुराडी पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला तो धूर कुठे निघतो हे सांगायला नको. पण तो धरूनही फरक मोठाच राहतो. देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे राष्ट्रीय रेल्वे योजनेचे उद्दिष्ट आहे. आज तो त्याहून बराच खाली आहे.

रेल्वे एकदम किती ओझे उचलू शकते, हे मराठवाड्याने २०१६ च्या उन्हाळ्यात पाहिले आहे. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, ती आधी दहा वाघिणींतून ५ लाख लिटर घेऊन आणि नंतर पन्नास वाघिणींतून २५ लाख लिटर घेऊन. बारा हजार लिटरच्या टँकरने तेवढे पाणी आणायचे तर दर खेपेला दोनशेहून अधिक टँकर लागले असते. ती गाडी सरळ लातुरात येऊ शकली, कारण बार्शी लाइट रेल्वेचा जुना अरुंद मार्ग कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत २००८ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला होता. आमच्या मनमाडच्या मार्गावरही कमी रुंदीचे मीटरगेज रूळ असताना मुंबईकडचा माल मनमाडला एका वाघिणीतून दुसरीत बदलावा लागे. वडील सांगत की सरकी तिथे महिनाभर पडून राही. सहा वेळा पोते उचलण्याबद्दल मी तक्रार करतो तेव्हा ते हसत.

वेळेच्या बाबतीत आजही भरवसा ठेवता येत नाही. ट्रक तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोहोचतो. आमच्या पाच रेकपैकी एक चौथ्या दिवशी पोहोचली आणि एक आठव्या. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग झाला आहे, पण छत्रपती संभाजीनगर ते परभणी या टप्प्यात प्रवासी गाडी आली की मालगाडी बाजूला उभी राहते. या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. जालन्याच्या ड्राय पोर्टचे, म्हणजे समुद्रापासून दूरच्या मालबंदराचे, भूमिपूजनही डिसेंबर २०१५ मध्ये झाले होते आणि काम मग वर्षानुवर्षे रेंगाळले, म्हणून मंजुरीच्या बातमीवर माल पाठवायचे गणित मी बसवत नाही.

मका, सोयापेंड, साखर यांसारखा टिकाऊ माल, सात-आठशे किलोमीटरच्या वरचे अंतर, धक्क्यापासून वीस किलोमीटरच्या आतले गोदाम आणि पैसे आठवडाभर अडकले तरी चालतील अशी स्थिती असेल, तर रेल्वेने जरूर पाठवावे. यातली एकही गोष्ट कमी असेल तर ट्रक बरा. पावसाळी हवेत तर छप्पर किती वाघिणींपुरते आहे, हे स्वतः धक्क्यावर जाऊन पावलांनी मोजून यावे; कागदावर धक्का नेहमीच पूर्ण लांबीचा असतो. या वर्षीची पहिली मागणी आम्ही भाऊबीज झाल्यावरच नोंदवणार आहोत, कारण मुकादमाने तशी अटच घातली आहे.