कलंडलेले जहाज आणि डेक्कनवरच्या दोन संध्याकाळी

मोठी जहाजे बुडाल्यावर वर कशी काढतात, या विषयावरील दोन संध्याकाळींच्या वर्गासाठी ८०० रुपये भरताना मी साशंक होतो, कारण पुण्यात अशा विषयावर बहुधा पडद्यावर चित्रफिती दाखवून वेळ मारून नेली जाते. येथे तसे झाले नाही. समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांवर पाणबुड्याचे काम करून निवृत्त झालेल्या वक्त्यांनी पहिली संध्याकाळ जवळजवळ पूर्णपणे ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या एकाच जहाजाला दिली, आणि तो निर्णय योग्य होता.

इटलीच्या जिल्यो बेटाजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी खडकावर आपटून कलंडलेल्या या २९० मीटर लांबीच्या जहाजाच्या अपघातात ३२ जणांचा मृत्यू झाला. उतरत्या खडकाळ तळावर आडवे पडलेले ते धूड खोल पाण्यात घसरू नये म्हणून आधी साखळदंडांनी धरून ठेवावे लागले. मग समुद्रतळात पाया खणून पोलादी फलाट बसवले गेले आणि खडकांमधल्या पोकळ्या सिमेंटच्या पिशव्यांनी भरल्या गेल्या. वरच्या बाजूला जोडलेल्या प्रचंड टाक्यांत पाणी भरले की त्या वजन होतात आणि हवा भरली की तरंगवतात, हा दुहेरी उपयोग त्यांनी फळ्यावर आकृती काढून इतका स्वच्छ समजावला की शेजारी बसलेल्या शाळकरी मुलानेही तो वहीत उतरवून घेतला. सप्टेंबर २०१३ मध्ये जहाज सरळ करायला सुमारे १९ तास लागले. जुलै २०१४ मध्ये ते तरंगवून जेनोवाला ओढत नेले.

मला सर्वाधिक भावला तो पाणबुड्यांच्या कामाचा भाग. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि साधी हवा घेणाऱ्याला थेट वर यायचे असेल, तर तळाशी जेमतेम वीस मिनिटे मिळतात. त्याहून जास्त थांबल्यास रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्याने वर यावे लागते. म्हणजे वर्षभराचे काम अशा तुकड्यांतून उभे राहते. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच कामात एका स्पॅनिश पाणबुड्याचा जीव गेला, हे सांगताना वक्ते क्षणभर थांबले, आणि त्यावर त्यांनी कोणतेही भाषण केले नाही.

दुसरी संध्याकाळ मात्र घाईत उरकली. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत स्फोटांनंतर बुडालेली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये वर काढलेली ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी आपल्याला अधिक जवळची; तिला फक्त दहा मिनिटे मिळाली, तर ओढनौकांच्या छायाचित्रांवर पाऊण तास गेला. खुर्च्याही इतक्या चिकटून मांडल्या होत्या की वही मांडीवर ठेवणे अवघड होते.

शेवटी सुमारे १४ किलो वजनाचे पाणबुड्याचे शिरस्त्राण डोक्यावर घालून पाहण्याची मुभा होती. पाण्यात त्याचा भार जाणवत नाही, जमिनीवर मात्र मान लगेच वाकते. माझ्यामागे अजून पंधराएक माणसे रांगेत उभी असतानाच रखवालदाराने दिवे मालवायला सुरुवात केली.