स्ट्रासबर्गची 'जर्मन काळ' वॉकिंग टूर – ५ पैकी ४

आम्ही राहतो जर्मनीत, त्यामुळे सीमेवरच्या केल गावात गाडी लावायची आणि ट्राम पकडून ऱ्हाईन ओलांडायची की आलं फ्रान्स, २०१७ पासून ही सोय झालीये. आधी दोनदा येऊन कॅथेड्रल, कालवे, पेटिट फ्रान्समधले फोटो सगळं झालेलं, म्हणून यावेळी ही अडीच तासांची टूर घेतली.

सुरुवात कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या राजवाड्यापासून. १८७१ ला फ्रान्स हरला आणि अल्सास-लोरेन, म्हणजे स्ट्रासबर्गसकट हा सगळा भाग, जर्मनीकडे गेलं, पण कुठल्या जर्मन संस्थानात न घालता थेट बर्लिनहून चालवलं, म्हणून नावच राईशलांड, साम्राज्याचा प्रांत. राजवाडा, समोरची लायब्ररी, युनिव्हर्सिटी, सगळं कसं दणकट आणि 'आता आम्हीच इथे' टाईप. जुनी लायब्ररी १८७० च्या वेढ्यात या जर्मनांच्याच तोफांनी जळाली होती बरं का!

चौकात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं १९३६ चं स्मारक आहे, आई आणि मरणारी दोन पोरं, दोघांच्या अंगावर कपडा नाही. कारण एक फ्रान्सकडून लढला, एक जर्मनीकडून, मग युनिफॉर्म कुठला दाखवणार? खाली नुसतं 'आमच्या मृतांना', कोणासाठी मेले ते लिहिलेलंच नाही. तिथे आम्ही वीस मिनिटं उभे होतो आणि कोणी घाई केली नाही.

गाईडबाई साठीच्या, भाषेचा विषय निघाला की खुलतात. १९१८ ला परत फ्रान्स, शाळा फ्रेंचमध्ये. १९४० ला नाझी आले तर फ्रेंच बंद, ज्याँचा हान्स झाला, बेरे टोपी घालायलासुद्धा बंदी! युद्धानंतर उलटं, फ्रेंच बोलणं म्हणजे शान अशी पोस्टरं लागली, आणि घरात बोलायची ती अल्साशियन दोन्हीकडून मार खात राहिली. ही स्विस जर्मनच्या नात्यातली बोली, माझ्या नवऱ्याला चांगलं जर्मन येतं तरी निम्मंच कळलं. बाई म्हणाल्या लहानपणी शाळेत अल्साशियन बोललं की शिक्षा व्हायची, मुलीला आता फक्त शिव्या येतात. टूर फ्रेंच आणि इंग्लिशमध्ये, पण ग्रुपची डोकी मोजताना आकडे अल्साशियनच!

एक स्टार का कापला? २२ लोक आणि माईक नाही, ट्राम गेली की मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. जुन्या गावातल्या दोन भाषांतल्या पाट्या तर शेवटी पळत पळत दाखवल्या. लहान मुलं नेऊ नका, कंटाळतील.

आणि गुड फ्रायडे किंवा २६ डिसेंबरला जाणार असाल तर आधी चौकशी करा, या दोन सुट्ट्या जर्मन काळापासून इथे टिकल्यात, बाकी फ्रान्समध्ये नाहीत, आम्ही गेलो तेव्हा टूर चालू होती पण नंतर फ्लामकुखन (इथला पातळ पिझ्झासारखा पदार्थ) खायला अर्धा तास उघडं हॉटेल शोधत फिरलो.